आतडं शिकलं तेव्हा

आमच्या लहानपणी भिवापुरात मोठं दुखणं निघालं की माणसाला छोट्या गाडीत घालून नागपूरला न्यायचे. नागभीडहून निघालेली ती नॅरोगेज गाडी भिवापूर, उमरेड घेत इतवारीला लागायची. नकाशावर अंतर फार नाही, पण गाडी आपल्या चालीने चालायची आणि पोट धरून आडव्या पडलेल्या माणसाची वाट संपता संपायची नाही. हंगाम असला तर डब्यात मिरचीची पोती आणि सगळ्यांना ठसका. शंभरावर वर्षं धावलेली ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. आता फोन केला की १०८ ची गाडी येते आणि उमरेड मागे टाकून नागपूरला पोचवते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर मधल्या प्रत्येक तासाला आतड्याचा आणखी एक तुकडा मरतो. म्हणून या रस्त्याची गोष्ट आधी सांगितली.

माझे मामा मिरचीच्या सातऱ्यावर काट्याचं काम करायचे. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सातरा डोळ्यांपुढे आणणं कठीण आहे. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत नजर जाईल तिथवर लाल मिरची पसरलेली, तोंडाला पदर बांधून ओळीने बसलेल्या बायका देठ खुडतायत, लेकरं पोत्यांवर झोपलेली, हवेत सतत शिंका. भिवापुरी मिरचीच्या रंगाची आणि तिखटाची कीर्ती दूरदूरच्या बाजारांत होती. आता तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण शिवारात ती शोधावी लागते. संकरित वाणांनी आणि कापूस-सोयाबीनने तिची जागा घेतली. मामांच्या बोटांना कायम मिरचीची आग असायची. लेकराला उचलायचं झालं तर ते मनगटांनी उचलायचे.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. एका रात्री मामांच्या पोटात कळ उठली ती थांबेना. ओवा झाला, हिंगाचा लेप झाला, गावच्या डॉक्टरांची सुई झाली. सकाळच्या गाडीने नागपूर. तिथे पोट उघडल्यावर कळलं, लहान आतड्याला पीळ पडला होता आणि त्याचा बहुतेक भाग काळा पडला होता. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण वीस फुटांचं. मामांचं उरलं जेमतेम चार फूट. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, ‘‘मोठं आतडं पूर्ण आहे, ते जोडलंय. बाकी आता बघायचं.’’ मोठं आतडं शाबूत राहणं ही केवढी मोठी गोष्ट होती हे आम्हाला कुणाला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं.

घरी आणलं तेव्हा मामा ओळखू येत नव्हते. खाल्लेलं सगळं पाण्यासारखं निघून जायचं. गालांची हाडं वर आलेली, जीभ कोरडी, पायांत गोळे. ओसरीवर भेटायला येणारे हळू आवाजात बोलायचे. आतडं कापलेला माणूस जगत नाही, हे जवळपास ठरल्यासारखंच होतं.

त्याआधीच जगात दुसरीकडे काय घडलं होतं ते आता वाचलं की मन हलतं. अमेरिकेत स्टॅन्ली ड्यूड्रिक यांनी साठच्या दशकात आधी कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग माणसांवर दाखवून दिलं होतं की पोटात काहीही न जाता, मोठ्या शिरेतून साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि जीवनसत्त्वं देऊन देह जगतो, वाढतोसुद्धा. टोरोंटोत डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आतडं गमावलेल्या एका बाईला असं शिरेतलं जेवण घरीच रात्रभर घ्यायला शिकवलं. ती बाई त्यावर सुमारे वीस वर्षं जगली, संसार केला. भारतात वैद्यक शिकून गेलेल्या माणसाने हे करून दाखवलं याचा अभिमान वाटतो. पण ते टोरोंटो होतं. भिवापुरात काचेची सलाईनची बाटली लावायची तर खिडकीच्या गजाला सुतळी बांधावी लागायची.

भिवापुरात मामी होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिला निघताना चार गोष्टी समजावल्या होत्या आणि तिने त्या धरून ठेवल्या. एका वेळी पोटभर द्यायचं नाही, दिवसभर थोडं थोडं द्यायचं. तेल-तूप कमी. आणि जी गोष्ट सगळ्या घराला उलटी वाटली ती ही, की तहान लागली म्हणून साधं पाणी तांब्याने प्यायचं नाही. मीठ-साखरेचं पाणी, तेही घोट घोट. मे महिन्याचं भिवापूर, बाहेर ऊन फोडतंय, मामा पाणी पाणी करतायत आणि मामी माठावर झाकण ठेवून बसली आहे. सासू बोलायची, शेजारपाजार बोलायचा. तहानलेल्याला पाणी न देणारी बाई म्हणून तिने काय काय ऐकलं ते तिलाच ठाऊक.

यामागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. लहान आतड्याच्या वरच्या भागाची भिंत फार पाझरती असते. आत नुसतं पाणी आलं की शरीरातलं मीठ त्या पाण्याकडे ओढलं जातं, आणि मिठामागे आणखी पाणी. आतडं तोकडं असलं की ते पुढे परत शोषायला जागाच उरत नाही. म्हणून असा रोगी जितकं साधं पाणी पितो तितका सुकत जातो. साखर आणि मीठ बरोबर गेले तर मात्र आतड्याच्या पेशी दोन्ही एकदम आत ओढतात आणि पाणी त्यांच्या मागे येतं. याच जोडीवर १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने मरणारी माणसं वाचवली. तेच ज्ञान हातोहात प्रवास करत भिवापूरच्या एका ओसरीवर पोचलं होतं.

सकाळी उजाडायच्या आधी चूल पेटायची. तांदळाची पातळ पेज, मीठ घालून. तासा-दीड तासाने ज्वारीची आंबील. मग वरणाच्या निवळीत कुस्करलेला भात, दोन-चार घास. मग पुन्हा मीठ-साखर पाणी. संध्याकाळी उकडलेला बटाटा. मामी एकटी पुरायची नाही, म्हणून वेळा वाटून घेतल्या होत्या. आजी, धाकटी मावशी, शाळेतून आलो की आम्ही पोरं. वाटी संपेपर्यंत शेजारी बसायचं, घाई करायची नाही, आणि वाटी अर्धी राहिली तरी चालेल पण पुढची वाटी वेळेवर. जेवायच्या आधी लोमोटिलची गोळी, म्हणजे आतडी जरा सावकाश चालतील. आणि दर महिन्याला कंपाउंडर यायचे ते लाल इंजेक्शन घेऊन. बी-१२ ची ती छोटी काचेची कुपी उजेडात धरली की आतलं औषध खरोखर माणिकासारखं दिसायचं. बी-१२ जिथे शोषलं जातं तो लहान आतड्याचा शेवटचा भाग मामांच्या पोटात राहिलाच नव्हता, म्हणून ते जन्मभर टोचून घ्यावं लागलं.

पहिलं वर्ष गेलं ते कसंबसं. दुसऱ्या वर्षी संडासच्या खेपा कमी झाल्या. पाय भरू लागले. मामा सातऱ्यावर जाऊन बसू लागले, मग पुन्हा काटा धरला. नागपूरला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट चाचपलं, वजन पाहिलं आणि मामीला म्हणाले, ‘‘यांचं आतडं शिकलं.’’ घरात ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं.

आतडं शिकतं म्हणजे काय होतं? लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलाच्या दोऱ्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्न शोषायचं काम त्यांचं. त्यांच्यावरचं पेशींचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, शरीरातल्या सगळ्यात वेगाने बदलणाऱ्या जागांपैकी ही एक. आतड्याचा मोठा भाग गेला की उरलेल्या भागात हे उंचवटे लांब होतात, आतडं रुंदावतं, जाडावतं, वाट पाहणाऱ्या पेशी जोमाने वाढतात. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत होतं. कोडं असं होतं की ही खबर उरलेल्या आतड्याला देतं कोण? अन्न अंगाला लागून वाढ होते म्हणावं, तर प्राण्यांमध्ये अन्नाच्या वाटेतून बाजूला काढून ठेवलेला, एक दाणाही न पोचणारा तुकडासुद्धा वाढत होता. म्हणजे निरोप रक्तातून येत असणार.

त्या निरोपाचा माग लंडनमधल्या एका बाईच्या दुखण्यातून लागला. तिच्या मूत्रपिंडात गाठ होती आणि तक्रार मात्र पोटाची. आतड्याची चाल मंदावलेली. तपासलं तर आतड्यातले उंचवटे अचाट वाढलेले. गाठ काढली आणि आतडं हळूहळू पूर्ववत झालं. गाठीतून ग्लुकागॉनच्या गोत्रातलं काहीतरी रक्तात सुटत होतं. १९७१ साली ‘गट’ या नियतकालिकात तिच्या दुखण्याची हकिगत छापून आली. पण त्या गोत्रातला नेमका कोण, हे कळायला पुढे पाव शतक गेलं. टोरोंटोच्या डॅनियल ड्रकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली उंदरांवर दाखवून दिलं की तो जीएलपी-२. तेहतीस अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्यात असलेल्या पेशी ती सोडतात. आणि केव्हा सोडतात? अन्न तिथवर पोचलं की.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मामी दीड-दोन वर्षं तासातासाला जी वाटी पुढे करत होती, ती नुसती भूक भागवत नव्हती. दर वाटीचा उरलासुरला अंश मामांच्या शाबूत मोठ्या आतड्यापर्यंत जात होता आणि तिथून आतड्याला वाढण्याचा निरोप सुटत होता. सर्जनने जे जोडून ठेवलं होतं ते कामाला लागलं होतं. भाताचं, बटाट्याचं जे पीठ वर पचायचं राहायचं ते मोठ्या आतड्यातले जंतू आंबवून त्याचं इंधन करायचे, तेही अंगी लागायचं. ज्याचं मोठं आतडं आणि लहान आतड्याचं टोक दोन्ही गेलं, त्याच्याकडे हा निरोप सोडायलाच कुणी उरत नाही. तोकड्या आतड्याच्या दोन माणसांत एक सावरतो आणि दुसरा सावरत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

मग हा निरोप बाहेरून का देऊ नये? आधी वाढीच्या हॉर्मोनचा प्रयोग झाला. नव्वदच्या दशकात बॉस्टनला, ग्लुटामाइन आणि खास आहारासोबत. अमेरिकेत २००३ साली त्याला मान्यताही मिळाली, पण अंगावर सूज, सांधेदुखी आणि थांबवल्यावर ओसरणारा गुण, यामुळे ते फारसं रुजलं नाही. जीएलपी-२ ची अडचण वेगळी होती. रक्तातला डीपीपी-४ नावाचा विकर त्याला काही मिनिटांत तोडतो, आणि तोडतो तो दुसऱ्या जागेवरच्या अ‍ॅलनिनपाशी. शास्त्रज्ञांनी त्या एका जागेवर अ‍ॅलनिन काढून ग्लायसिन बसवलं. तेहतिसातलं एक अमिनो आम्ल बदललं आणि विकराचा दात लागेनासा झाला. हे टेडुग्लुटाइड. रोज एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. २०१२ साली युरोपात आणि वर्षअखेरीस अमेरिकेत ते मंजूर झालं. २०१९ साली अमेरिकेत एक वर्षावरच्या मुलांसाठीही.

ज्या चाचणीवर ही मंजुरी उभी राहिली तिच्यात ८६ रोगी होते, सगळे शिरेतल्या जेवणावर किंवा पाण्यावर जगणारे. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. चोवीस आठवड्यांनी खरं औषध मिळालेल्या ४३ पैकी २७ जणांची शिरेतल्या द्रवाची गरज किमान पाचव्या हिश्शाने उतरली होती, दुसऱ्या गटात १३ जणांची. ज्याला आठवड्याच्या सातही रात्री नळीला बांधून घ्यावं लागतं, त्याला दोन रात्री मोकळ्या मिळणं म्हणजे काय, हे आकड्यात मावत नाही. औषध निर्धोक नाही. जे आतड्याला वाढवतं ते आतड्यातल्या गाठींनाही वाढवू शकतं, म्हणून मोठ्यांची आधी दुर्बिणीने तपासणी, अशा गाठी असतील तर काढून टाकणं आणि पुढेही नियमाने पाहत राहणं. कॅन्सरचा रोगी असेल तर फार विचार. पाणी एकदम जास्त शोषलं जाऊन हृदयावर ताण येऊ शकतो. आणि सुई थांबवली की पुष्कळांचा गुण ओसरतो.

याच जीएलपी-२ चा सख्खा भाऊ जीएलपी-१. एकाच मोठ्या रेणूतून दोघे कापून निघतात. वजन उतरवणारी जी इंजेक्शनं आज घरोघरी बोलण्यात आहेत ती त्या भावाची नक्कल. त्याच्यावर जगभरातल्या कंपन्या तुटून पडल्या, कारण गिऱ्हाईक कोट्यवधी. ज्याचं अन्न अंगी लागत नाही त्याच्या औषधाला मोजकीच माणसं. म्हणून टेडुग्लुटाइड बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या आसपास होती, तेव्हाच्या भावाने दीड कोटी रुपयांच्या वर. भिवापूर तालुक्यात एवढ्यात किती एकर जमीन येईल याचा हिशेब कुणीही करू शकेल.

आता आमच्या गल्लीतल्या एका तरुणाचं सांगतो. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत त्याच्या आतड्याच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली. त्या काळात असे रोगी देशभर दिसले. पण तो त्याच रात्री नागपूरला पोचला, सीटी स्कॅनवर अडकलेली जागा दिसली, मेलेलं आतडं कापून उरलेल्याचं टोक पोटावर पिशवीत काढलं आणि जीव वाचवला. दंडातून आत सोडलेली बारीक नळी, तिच्यातून आठवड्यातून काही रात्री घरीच सलाईन, मोबाईलवर डॉक्टरांशी बोलणं, पिशवीत किती आलं ते रोज वहीत. मामांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. मामांची सुरुवातीची आम्लाची जळजळ आठवली तरी अंगावर काटा येतो. आज तिच्यासाठी चांगल्या गोळ्या आहेत. मामांना पुढे मूतखड्याने छळलं, त्याचंही मूळ तोकड्या आतड्यात असतं आणि पालक-चहा आवरता घ्यायला हवा होता, हेही आज सांगतात.

पण त्याच्या घरी माणसं दोन. आई अंगणवाडीत, वडील शेतात. तासातासाची वाटी हातात देणारं दिवसा कुणी नाही. तो डबे भरून ठेवतो आणि मोबाईलमध्ये गजर लावतो. गजर वाजतो, पण शेजारी बसून अजून दोन घास घे म्हणणारं माणूस त्याच्यात नाही. मामांना आम्ही सगळ्यांनी मिळून खाऊ घातलं, त्या गोष्टीला औषधाच्या चिठ्ठीत जागा नव्हती आणि तरी ती औषधातच मोजायला हवी.

त्याच्या डॉक्टरांनी त्याला या इंजेक्शनचं नाव सांगितलं, किंमतही लपवली नाही. आधी पिशवी बंद करून लहान आतडं मोठ्याला जोडू, मग आतडं आपल्या बळावर किती शिकतं ते पाहू, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण जो आपल्या बळावर शिकणार नाही त्याचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कितीतरी शस्त्रक्रिया होतात, गरिबाचं पोट उघडतं, जीव वाचतो. त्यानंतर त्या पोटात अन्न टिकावं यासाठीचं औषध मात्र त्याच्या सात पिढ्यांच्या आवाक्यात नसावं, हे मला मान्य नाही. हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ साली हेपॅटायटिस-बी ची लस इथेच बनवून आयात लसीच्या मानाने फारच कमी किमतीत आणली, तेव्हाच ती साध्या घरांतल्या लेकरांपर्यंत पोचली. अमिनो आम्लांच्या अशा साखळ्या आपल्या कंपन्या आज बनवतात. हाडांच्या ठिसूळपणावरचं टेरिपॅराटाइड इथे बनतं आणि ते टेडुग्लुटाइडपेक्षा एकाच कडीने लांब आहे. तेव्हा विद्येची अडचण नाही. रोगी थोडे असले तरी औषध बनवायला लावणं आणि ते विकत घेऊन ठेवणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागून घ्यायला हवं.

मामा त्या चार फुटांवर सत्तरी ओलांडून गेले. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःहून ठेचा मागितला होता आणि मामीने भाकरीच्या टोकाला लावून दिला होता, एवढासा. मामी आता थकली आहे, नागपूरला लेकाकडे असते. त्या तरुणाचा नंबर मी तिला लावून दिला. त्याने आधी आदबीने तब्येत विचारली. मामीने ते ऐकूनच घेतलं नाही.

‘‘ते राहू दे. पाणी कसं पेतं तू?’’

‘‘तहान लागली का बाटली तोंडाले लावतो, मामी.’’

‘‘नोको करू बाप्पा तसं! मीठ-साखर घाल आन् घोट घोट पे. आन् सकाळची पेज कोण करून देते तुले?’’

तो गप्प राहिला. तिने त्याच्या आईला फोनवर बोलावलं आणि पेजेत मीठ किती, तांदूळ जुना की नवा, हे विचारायला सुरुवात केली.